शस्त्रासाठी लिहिलेलं, एक्स-रेच्या कामी आलेलं

सिंक्रोट्रॉनवर एक्स-रेचा प्रयोग ज्या खोलीत चालतो तिला 'हच' म्हणतात. बीम चालू असताना आत जाताच येत नाही. नमुना केसभर सरकवायचा तरी मोटर हवी, आणि ती बाहेरून हलवायला सॉफ्टवेअर. त्यात डिटेक्टर, पंप, मोटरी सगळं वेगवेगळ्या कंपन्यांचं, प्रत्येकाची भाषा निराळी.

यावरचा उपाय आला भलत्याच ठिकाणाहून. १९८०च्या दशकात अमेरिकेत रेगन यांचा 'स्टार वॉर्स' संरक्षण कार्यक्रम चालू होता. कणांच्या झोताचं शस्त्र बनवता येईल का हे पाहायला लॉस अलामॉसला एक अ‍ॅक्सिलरेटर उभा राहत होता. १९८८ मध्ये बॉब डॅलेसिओ, जेफ हिल वगैरे मंडळींनी त्याचं कंट्रोल सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पुढच्याच वर्षी शिकागोजवळच्या आर्गॉन लॅबचे मार्टी क्रेमर सहा महिने त्यांच्यात येऊन बसले. आर्गॉनला अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स हा नवा एक्स-रे स्रोत बांधायचा होता. अशा वेळी 'आपलं आपण नव्यानं लिहू' हा मोह कुठल्या इंजिनिअरला होत नाही? यांनी तो टाळला. दोन्ही लॅबच्या कामातून जे तयार झालं ते १९९१ मध्ये एपिक्स या नावानं मांडलं गेलं. शस्त्राचा प्रकल्प गुंडाळला, एपिक्स उरलं. २००४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलंही झालं.

युक्ती साधीच आहे. मोटरची जागा असो की पंपाचा दाब, प्रत्येक आकड्याला एक नाव. तुमचा प्रोग्रॅम नेटवर्कवर हाक मारतो, "हे नाव कोणाकडे आहे?" ज्या कॉम्प्युटरकडे असेल तो ओ देतो, आणि आकडा बदलला की कळवत राहतो. यूट्यूबची बेल दाबल्यासारखं! मोटर कोणत्या कंपनीची, याच्याशी स्क्रिप्टला देणंघेणं नाही.

मला सगळ्यात आवडतं ते मोटरचं रेकॉर्ड. त्यात दोन आकडे वेगळे ठेवलेत: कुठे जायला सांगितलं, आणि प्रत्यक्षात कुठे आहे. हुकूम दिला म्हणजे काम झालं असं धरणारी स्क्रिप्ट मोटर वाटेत असतानाच डेटा घेईल. रात्रभराचं काम पाण्यात, आणि बीमटाइम तर मोजकाच मिळतो.

आज ब्रुकहेवनमध्ये सुरू झालेली ब्लूस्काय ही पायथन लायब्ररी याच नावांवर अख्खा स्कॅन चालवते, आणि कोणता आकडा कधी, कसा घेतला हेही नोंदवते. तिच्यात खोट्या मोटरीही आहेत, म्हणजे लॅपटॉपवर खेळून बघता येतं.

हचच्या दाराचं इंटरलॉक मात्र एपिक्सकडे नाही. माणसाच्या जिवाची यंत्रणा मुद्दाम वेगळी ठेवतात. दार बंद आहे का, एवढं एपिक्स फक्त वाचू शकतं.