अभिमान आणि निगा



आजचा विषय 'देश आणि संस्कृती यांचा अभिमान' असा तुम्ही ठरवलात. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे एक खोड लागली आहे. शब्द समोर आला की आधी तो उलटापालटा करून बघायचा. तर 'अभिमान' या शब्दापासूनच सुरुवात करू.

आज आपण हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतो. 'मला अभिमान आहे' असं म्हटलं की टाळ्या पडतात. पण जुन्या शास्त्रात हा शब्द काही फार चांगला नाही. सांख्यकारिकेत अहंकाराची व्याख्याच मुळी अभिमान अशी केली आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी येते, तिथे दंभ आणि दर्प यांच्या शेजारी अभिमान बसलेला आहे. आणि त्या सोळाव्या अध्यायावर मराठीत पहिल्यांदा विस्ताराने बोललं गेलं ते कुठे? आपल्याच तालुक्याच्या गावी, नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. तेव्हा या मातीत अभिमानावर बोलताना जरा जपूनच बोललं पाहिजे.

मग ज्ञानेश्वरांना मराठीचा अभिमान नव्हता का? होता. सहाव्या अध्यायातली ती प्रसिद्ध ओवी तुम्हा सर्वांना पाठ आहे, अमृताशी पैज जिंकण्याची. मी ती म्हणत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपण तिचा पहिला अर्धा भाग फलकावर लिहितो आणि थांबतो. उरलेल्या अर्ध्यात ते म्हणतात की अशी रसाळ अक्षरं मी जुळवीन. भविष्यकाळ आहे तो! म्हणजे भाषा थोर आहे असं सांगून ते गप्प बसत नाहीत, ती थोर करण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतात. आणि मग नऊ हजार ओव्या सांगून ते काम पुरं करतात. माझ्या मते अभिमानाचं हे एकच रूप निर्दोष आहे. ज्याचा अभिमान, त्याचं काम आपल्या डोक्यावर.

आता पुढची गोष्ट बघा. ज्ञानेश्वरी झाली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. नंतर तीनशे वर्षं लोकांनी तिच्या नकला केल्या. प्रेमानेच केल्या. पण प्रत्येक नकलेत थोडं चुकलं, थोडं गळलं, कुणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. अभिमान भरपूर होता, निगा नव्हती. ती घेतली पैठणच्या एकनाथांनी. त्यांनी वेगवेगळ्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शिवाय पुढच्या लोकांना ताकीद दिली की यात आपली ओवी मिसळू नका. नाथ स्वतः केवढे कवी! पण इथे त्यांनी स्वतःचं कवित्व बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याच्या अक्षरांची राखण केली. विद्यापीठात पाठचिकित्सा हा विषय आम्ही मोठ्या थाटात शिकवतो. तो या गोदाकाठी सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणी तरी करून ठेवला होता.

नेवाशाच्या खांबाकडे चला. तुम्ही अनेकदा तिथे डोकं टेकवलं असेल. दुर्गाबाई भागवतांनी त्या खांबावर लेख लिहिला, त्यांच्या 'पैस' या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण खांबावरचा लेख आपल्यापैकी किती जणांनी समजून घेतला? ज्ञानेश्वरांच्या कितीतरी आधीपासून तिथे करवीरेश्वराचं देऊळ असणार, कारण तो लेख त्या देवाच्या दिव्यासाठी लागणाऱ्या तेलाच्या दानाचा आहे. त्यात कुणाच्या पराक्रमाचं वर्णन नाही. दिवा विझू नये म्हणून तेलाची सोय कशी लावायची, एवढीच बाब. माझ्या आजच्या भाषणाचा सारांश खरं तर त्या खांबावर कोरलेला आहे. दिव्याचा जयजयकार कुणीही करतो हो, तेलाचं काय ते बोला!

प्रवरेच्या काठावर आणखी काय काय आहे ते सांगतो. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात नेवाशाला उत्खनन केलं. लाडमोड टेकडी तुम्हाला माहीत आहे. तिच्या पोटात आणि नदीच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं निघाली, ताम्रपाषाण काळातली घरं निघाली, सातवाहनांचे थर निघाले, रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावचा माणूस भूमध्य समुद्रापलीकडच्या जगाशी देवघेव करत होता. आणि एक गोष्ट मला विसरता येत नाही. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. त्यातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि त्या मण्यांमध्ये दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या आईने तो दोरा ओवला असेल. तिची जात, तिचा देव, तिची भाषा आपल्याला ठाऊक नाही. ती आपली नाही, असं म्हणाल का?

ज्या संस्कृतीला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'जोर्वे संस्कृती' म्हणतात, ते जोर्वे आपल्या संगमनेर तालुक्यातलं. आणि शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. १९७४ साली तिथे भिल्ल समाजातल्या एका गावकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंच्या वर वजन. मोडीच्या भावानेसुद्धा गरीब घराला ती मोठी रक्कम होती. पण वस्तू वितळल्या नाहीत, अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या आणि आज देशाचं भूषण म्हणून संग्रहालयात आहेत.

आता स्वतःची लाज सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या वेळचं पोथ्यांचं एक बासन होतं, लाल कापडात बांधलेलं. मी पुण्याला नोकरीत होतो, वर्गात मुलांना 'परंपरेचं मोल' शिकवत होतो. गावी घराची आवराआवर निघाली. मला विचारलं, पोथ्यांचं काय करायचं? कामाच्या घाईत मी म्हणालो, 'तुम्हीच बघा काय ते.' घरच्यांनी श्रद्धेने, फुलं वाहून, ते बासन नदीत सोडलं. त्यात काय होतं, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही. त्यांचा दोष नाही. डॉक्टरेट माझी होती! इतिहासाचार्य राजवाडे अशाच कागदांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले आणि बावीस खंड छापून गेले. मला एक पत्र टाकून बासन थांबवता आलं नाही.

आणखी एक बोललं पाहिजे. ते अवघड आहे, पण सोनईत उभं राहून न बोलणं हा भित्रेपणा ठरेल. १ जानेवारी २०१३ रोजी या परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली. गावाचं नाव देशभर झालं ते अशा कारणाने. नाशिकच्या न्यायालयात खटला चालला, २०१८ साली शिक्षा झाल्या. मी ते पुन्हा उकरत नाही. एवढंच म्हणतो की ज्ञानेश्वरी आमची म्हणणाऱ्याला हेही आमचंच म्हणावं लागतं. अभिमान वारशाने घ्यायचा आणि लाज दुसऱ्याच्या दारात ठेवायची, असा व्यवहार चालत नाही. शेतकरी माणसाला हे सांगायला नको. वडिलांचं रान नावावर चढतं तेव्हा बोजाही उताऱ्यावर येतो. ज्याला लाज वाटू शकते, त्याच्याच अभिमानाला काही किंमत आहे.

देशाचंही तेच. आपल्याच नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी १९४४ साली कैदेत 'भारताचा शोध' लिहिला. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद उर्दूत आपली पत्रं लिहीत होते. एका भिंतीआड, एका परकीय सत्तेचे कैदी, आणि दोघेही आपापल्या परीने देश समजून घेत होते. आपल्या संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्यं आली, कलम ५१क. त्यात आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं मोल जाणून त्याचं जतन करणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. 'संमिश्र' हा शब्द नीट ऐका. आणि 'जतन' हाही ऐका. अभिमान बाळगा, असं तिथे म्हटलेलं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. आता तेल घालायची वेळ आहे. काम मोठं नाही. गावातल्या बारवा, वीरगळ, जुन्या समाध्या, दर्गे, मठ यांची यादी करा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, फोटो काढा, तारीख घाला. वीरगळाला ऑइलपेंट फासू नका. नांगराला काही लागलं तर तहसीलदाराला, पुरातत्त्व खात्याला कळवा. घरातलं मोडीतलं कागदपत्र रद्दीत किंवा नदीत जाण्याआधी जाणकाराला दाखवा. म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्या आहेत तोवर उतरवून घ्या. त्यात सगळ्या वस्त्यांमधल्या बायका असू द्या.

तरुण मित्रांनो, पुढच्या वर्षी मला बोलावलंत, आणि माझी प्रकृती बरी असली, तर मी भाषण करायला येणार नाही. तुमची यादी बघायला येईन. एक वही भरलेली दाखवा. तेवढा अभिमान मला पुरेल.