हेगेबाइंतुम : विकलेली टेकडी

नेदरलँड्सच्या उत्तरेस, फ्रीसलँड प्रांतात, हेगेबाइंतुम नावाचे एक चिमुकले गाव आहे. उंचवट्यावर बाराव्या शतकातील चर्च, भोवती दफनभूमी आणि मोजकी घरे. या गावाची छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा, चर्चच्या अगदी जवळच टेकडी अशी उभी का तुटलेली आहे, हा प्रश्न आम्हांला पडला. समुद्राने खाल्ली असावी, असे वाटले. वस्तुतः ती माणसांनी खणून विकली होती.

ती उभारलीही माणसांनीच. या किनाऱ्यावर सलग बांध साधारण इ.स. १००० नंतर आले. तोवर भरतीपासून वाचण्यासाठी लोक चिखल, शेण, राख, केरकचरा यांचे थर रचून त्यांवर राहत. अशा टेकाडाला ‘टेर्प’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८.८ मीटर उंचीचे हेगेबाइंतुमचे टेर्प देशात सर्वांत उंच. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने पूर्वेकडील शेजारी खाउकी लोकांच्या अशाच वस्त्या वर्णिल्या आहेत. भरतीत ही माणसे त्याला खलाशांसारखी भासली, ओहोटीत जहाज फुटलेल्यांसारखी. एवढे दैन्य असूनही रोमचे अंकित होण्याला हे लोक गुलामी समजतात, याचे त्याला नवल वाटले. आम्हांला नवल वाटते ते प्लिनीचे!

बांध आल्यावर उंचीची निकड सरली. उरली ती शतकांच्या शेणाराखेने कसदार झालेली माती. आपल्याकडे जिला पांढरीची माती म्हणतात, तशीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती होड्यांत भरून निकस जमिनींकडे जाऊ लागली. हेगेबाइंतुमची पाळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली. चर्च आणि दफनभूमीपाशी कुदळी थांबल्या. तो तुटलेला कडा म्हणजे त्या व्यवहाराची सीमारेषा होय.

याला निव्वळ लोभ म्हणावे काय? आम्हांला ते पटत नाही. याच खोदकामात प्रारंभिक मध्ययुगातील कबरी उघड्या पडल्या आणि लेउवार्डेनच्या फ्रीस संग्रहालयाचे पीटर बूलेस यांना त्यांचा अभ्यास करता आला. मात्र विक्रीसाठी खणणारा थर वाचत नाही. थर वाचत खणण्याचे मोठे काम आल्बर्ट व्हान गिफेन यांनी १९२३ पासून शेजारच्या ग्रोनिंगेन प्रांतातील एझिंगे येथे केले. तोवर हेगेबाइंतुमची बरीचशी माती परक्या शेतांत मिसळून गेली होती.

चर्चमध्ये आज १६ शोकफलक आहेत. मृत उमरावांच्या कुलचिन्हांनी रंगवलेल्या या लाकडी फळ्या. १७९५च्या क्रांतीनंतर समतेच्या नावाने इतरत्र असे कितीतरी फलक नष्ट झाले, इथले टिकले. त्यांवर हार्स्टा स्टेट या वाड्याशी संबंधित घराण्यांची नावे आहेत. शेणाच्या पाट्या वाहणाऱ्यांची असणार कुठून? वाडा अजून उभा आहे, टेकडीच्या पायथ्याशी, सपाट जमिनीवर.