अनफाल : एका शब्दाचे काय झाले?

इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया शहराहून आग्नेयेला दीड-दोन तास गेले की हलबजा लागते. पलीकडे डोंगर आणि डोंगरामागे इराण. गावाबाहेरच स्मारक दिसते, आभाळाकडे उचललेल्या हातांसारखे. आत भिंतींवर नावेच नावे. कुर्दी लिपी आपल्या उर्दूच्या वळणाची, त्यामुळे मला ती अडखळत का होईना, वाचता आली. त्यांतली बरीच माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर असतात तशीच आहेत.

१६ मार्च १९८८. इराण-इराक युद्धाचे शेवटचे वर्ष. कुर्दी पेशमर्गा आणि इराणी फौजेने नुकताच हलबजाचा ताबा घेतला होता. सद्दाम हुसेनच्या विमानांनी आधी साधे बॉम्ब टाकले, म्हणून लोक तळघरांत लपले. मग वायू सोडला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खालीच उतरतो. जीव वाचवायला गाठलेली तळघरेच कबरी झाली. वाचलेले लोक सांगतात, आधी सफरचंदासारखा वास आला. सुमारे ५,००० माणसे मेली, बहुतेक साधे नागरिक. उमर खावर हा बाप तान्ह्या बाळाला कवटाळून दारात पालथा पडला. त्याचे छायाचित्र जगभर गेले. स्मारकात त्याचा पुतळा आहे.

त्याच वर्षी कुर्दांविरुद्ध जी मोहीम चालू होती, तिचे नाव होते 'अनफाल'. हजारो गावे उद्ध्वस्त झाली. किमान ५०,००० लोक मारले गेले. कुर्द हा आकडा १,८२,००० सांगतात. मोहिमेचा सूत्रधार होता सद्दामचा चुलतभाऊ अली हसन अल-मजीद. अनफाल हे कुरआनातील आठव्या सूरहचे नाव. बद्रच्या लढाईनंतरच्या गनिमतीविषयी, म्हणजे युद्धात मिळालेल्या मालाविषयी ती आहे. आपण 'नफल' नमाज म्हणतो, त्याच धातूचा हा शब्द. धर्माशी फारसे देणेघेणे नसलेल्या बाथ राजवटीने तो उचलला आणि वापरला कुणावर? बहुसंख्य सुन्नी मुसलमान असलेल्या, सलाहुद्दीन अय्युबीच्या कौमेवर. आज कुर्दी भाषेत त्या शब्दाचे क्रियापद झाले आहे. 'त्याचा अनफाल झाला', म्हणजे माणूस नेला आणि परत आला नाही.

तेव्हा जग गप्प होते. सद्दामला झुकते माप देणाऱ्या अमेरिकेने दोषाचे बोट इराणकडेही वळवले आणि २००३ मध्ये त्याच हलबजाचा दाखला देत इराकवर हल्ला केला. मुस्लिम देशांचे बहुतेक राज्यकर्तेही गप्प होते. १९९१ च्या आखाती युद्धात आपल्या मोहल्ल्यांत सद्दामचे फोटो लागले, मुलांची नावे सद्दाम ठेवली गेली. अमेरिकेसमोर उभा राहिला, एवढे पुरेसे होते. हलबजा होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

इन्साफही अर्धाच झाला. सद्दामला ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी झाली ती दुजैल खटल्यात. हलबजाचा निकाल त्याला ऐकावाच लागला नाही. अल-मजीदला जानेवारी २०१० मध्ये फाशी झाली. पण त्याआधी, १६ मार्च २००६ रोजी, हलबजाच्याच लोकांनी हे स्मारक जाळले. पाहुणे येतात, फोटो काढतात, आमच्या गावात मात्र पाणी नाही, रस्ते नाहीत, हा त्यांचा संताप होता. गोळीबारात एक तरुण गेला. पुढे स्मारक पुन्हा उभे राहिले.

परक्याने केलेला जुलूम आपल्याला लगेच दिसतो, त्यासाठी आपण मोर्चे काढतो, दुआ करतो. ते करायलाच हवे. पण कुरआनने साक्ष द्यायला सांगितले आहे ती स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या विरुद्ध जात असली तरी. मारणारा कलमा वाचणारा होता म्हणून मेलेल्यांचे मरण हलके होत नाही. उलट त्याने आपला शब्द वापरला, म्हणून त्याविषयी बोलायची जबाबदारी आधी आपली आहे.