मॅरेथॉनच्या काळाचा हिशेब

शर्यत संपली म्हणजे पहिला कोण आला, एवढेंच बहुतेकांच्या ध्यानांत राहतें. पहिल्याचें नांव वर्तमानपत्रांत छापून येतें, दुसऱ्यातिसऱ्याचें चार दिवस लोकांच्या तोंडीं असतें, आणि बाकीचे विस्मृतींत जातात. परंतु या बाकीच्यांच्या वेळाही टिपलेल्या असतात. त्या सर्वांची बेरीज करून तिला माणसांच्या संख्येनें भागलें म्हणजे सरासरी निघते. मॅरेथॉन या ४२ किलोमीटर १९५ मीटरांच्या शर्यतीची अशी सरासरी काढून पाहिली, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. पहिला येणारा मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या अधिक वेगवान होत गेला. सरासरी मात्र उलट वाढत गेली. १९८६ च्या सुमारास ती चार तासांच्या आंत होती. २०१८ पर्यंत साडेचार तासांच्या वर गेली. मग या काळांत मनुष्यजात दुर्बळ झाली, असें समजावयाचें काय? उत्तर देण्यापूर्वीं एक दुसराच प्रश्न विचारला पाहिजे : ही सरासरी काढली कोणाकोणाची? त्यासाठीं शर्यतीचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहावा लागतो.

इ. स. १८९६ मध्यें अथेन्स येथें ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें, आणि प्राचीन दूताच्या कथेचें स्मारक म्हणून मॅरेथॉन गांवापासून अथेन्सच्या क्रीडांगणापर्यंत सुमारें ४० किलोमीटरांची धांव ठेवण्यांत आली. १० एप्रिल रोजीं १७ जण निघाले. ते सर्व पुरुष होते, आणि त्यांतील कित्येकांनीं वाटेंतच हाय खाल्ली. ग्रीस देशाचा स्पिरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत पहिला आला आणि एका दिवसांत राष्ट्राचा वीर ठरला. दुसऱ्या दिवशीं त्याच रस्त्यानें एक स्त्री एकटीच धांवत निघाली. तिचें नांव स्तामाता रेव्हिथी. घरची अत्यंत गरिबी, पदरीं लहान मूल. आदल्या दिवशींच्या शर्यतींत तिला घेतलें नव्हतें. निघण्याच्या वेळेचा पुरावा म्हणून तिनें गांवांतील अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. सुमारें साडेपांच तासांनीं ती अथेन्सला पोंचली. क्रीडांगणांत तिला प्रवेश मिळाला नाहीं, आणि निकालाच्या यादींत तिचें नांव आलें नाहीं. पहिल्या मॅरेथॉनची सरासरी कोणी काढली, तर तींत हे साडेपांच तास धरले जाणार नाहींत.

आरंभीं शर्यतीचें अंतरही निश्चित नव्हतें. १९०८ सालीं लंडन येथें विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत जें अंतर भरलें, तें ४२ किलोमीटर १९५ मीटर होतें. तेंच पुढें १९२१ सालीं सर्व जगाकरितां ठरविण्यांत आलें. मधल्या काळांत ज्याच्या त्याच्या सोयीप्रमाणें अंतर असे. १९२० सालच्या अँटवर्प येथील सामन्यांत तें ४२ किलोमीटर ७५० मीटर होतें. या सामन्यांशीं महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार दृढ झाला, आणि जे मोजके खेळाडू तिकडे गेले त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे होते. चौगुले यांनीं ती धांव २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. फिनलंडचा विजयी वीर कोलेमाइनेन त्यांच्यापूर्वीं १८ मिनिटें पोंचला होता. पुढें रूढ झालेल्या अंतरावर त्रैराशिक मांडलें, तर चौगुले यांची वेळ आणखी दोन मिनिटांनीं कमी भरते. अशा शर्यतीस त्या काळीं निघत ते सारे निवडक, कसलेले आणि बहुधा तरुण असत. ज्यास साडेतीन चार तास लागतील असा मनुष्य सहसा वाटेसच जात नसे. त्यामुळें त्या दिवसांच्या वेळा पाहून सगळेच लोक वायुवेगानें धांवत होते असा भास होतो.

स्त्रियांना तर दारच बंद होतें. १९२६ सालीं व्हायोलेट पियर्सी या इंग्रज स्त्रीनें ही धांव ३ तास ४० मिनिटें २२ सेकंदांत पुरी केल्याची नोंद आहे. परंतु तिच्यामागून जाणाऱ्यांस उत्तेजन मिळालें नाहीं. दोनच वर्षांनीं अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत झाली. शर्यतीच्या अंतीं कांहीं स्त्रिया दमून गेल्या. त्याचें वर्तमानपत्रांनीं इतकें भडक वर्णन केलें कीं, १९६० पर्यंत ती शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यांत आली. पुरुष दमून पडला तर तो पराक्रम, आणि स्त्री दमली तर तो तिच्या प्रकृतीचा दोष, असा हा न्याय होता. १९६६ सालीं बॉबी गिब हिनें बोस्टनच्या मॅरेथॉनसाठीं अर्ज केला, तेव्हां स्त्रीच्या शरीरास इतकें अंतर झेपावयाचें नाहीं असें कारण देऊन तो नाकारण्यांत आला. ती झुडपांच्या आड लपून राहिली, शर्यत सुरू होतांच पुरुषांच्या घोळक्यांत मिसळली, आणि ३ तास २१ मिनिटें ४० सेकंदांत शेवटास पोंचली. पुढच्या वर्षीं कॅथरिन स्विट्झर हिनें केवळ आद्याक्षरें व आडनांव लिहून क्रमांक मिळविला. ती धांवत असतां एक अधिकारी तिचा क्रमांक हिसकावून घेण्यास अंगावर आला. तरीही तिनें शर्यत पुरी केली. अखेर १९७२ सालीं बोस्टन येथें स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला. त्या दिवशीं आठ जणी निघाल्या आणि आठही जणी पोंचल्या.

ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन येण्यास १९८४ साल उजाडावें लागलें. लॉस एंजल्स येथें अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिनें २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत ती जिंकली. यानंतर काय झालें हें आंकडेच सांगतात. १९२६ सालीं पुरुषांचा उच्चांक २ तास २९ मिनिटांचा होता. पियर्सीच्या वेळेंत आणि त्यांत एक तास अकरा मिनिटांचें अंतर पडतें. १९८५ सालीं पोर्तुगालच्या कार्लोस लोपेश याचा उच्चांक २ तास ७ मिनिटें १२ सेकंदांचा, आणि नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्तियानसेन हिचा २ तास २१ मिनिटें ६ सेकंदांचा. अंतर चौदा मिनिटांहून किंचित् कमी. २०२३ सालीं केनियाच्या केल्विन किप्टुम यानें २ तास ३५ सेकंद, आणि इथिओपियाच्या टिग्स्ट असेफा हिनें २ तास ११ मिनिटें ५३ सेकंद अशा वेळा नोंदविल्या. अंतर सव्वाअकरा मिनिटांचें. एवढ्या अवधींत स्त्रीचें शरीर बदललें नाहीं. बदलली ती संधि. जो एक तास निसर्गाच्या नांवावर मांडला जात होता, तो बव्हंशीं रूढीच्या नांवावर मांडावयास हवा होता. उरलेला फरक मात्र शरीराचा आहे. पुरुषाचें हृदय सामान्यतः मोठें, रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य अधिक आणि स्नायूंचें प्रमाणही अधिक असतें. सामान्य धांवणाऱ्यांत हा फरक सुमारें अर्ध्या तासाचा दिसतो. तथापि स्त्रिया आपला वेग शेवटपर्यंत अधिक सारखा राखतात, आणि आरंभीं भरधाव सुटून उत्तरार्धांत गळून जाणारे बहुधा पुरुषच असतात, असेंही आढळून आलें आहे.

वयाचीही कथा अशीच आहे. पंचविशी उलटली कीं धांवणाऱ्याचे दिवस संपले, अशी समजूत फार दिवस होती. वर सांगितलेल्या लोपेश यानें आपला उच्चांक वयाच्या ३८ व्या वर्षीं केला. इंग्लंडची जॉइस स्मिथ हिनें १९८१ व १९८२ सालीं लंडनची शर्यत जिंकली, तेव्हां तिनें चाळिशी ओलांडली होती. कॅनडांतील एड व्हिटलॉक हा वृद्ध गृहस्थ तर आपल्या गांवच्या दफनभूमींत रोज तासन्‌तास धांवण्याचा सराव करी. २००४ सालीं, ७३ व्या वर्षीं, त्यानें ही धांव २ तास ५४ मिनिटें ४८ सेकंदांत पुरी केली, आणि ८५ व्या वर्षींही तो चार तासांच्या आंत आला. जपानची मारिको युगेता हिनें २०२१ सालीं वयाच्या ६२ व्या वर्षीं २ तास ५२ मिनिटें १३ सेकंदांची वेळ दिली. हे असामान्य लोक झाले. परंतु सामान्यांचाही हिशेब जर्मनींतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला. विसाव्या वर्षापासून एकोणपन्नासाव्यापर्यंत सरासरी वेळ जवळजवळ सारखीच राहते, आणि पन्नाशीनंतर दर दहा वर्षांस ती अवघी तीन चार टक्क्यांनीं वाढते, असें त्यांस दिसून आलें. बोस्टनच्या शर्यतींत प्रवेश मिळण्यास जी पात्रता लागते, तींतही हें प्रतिबिंब पडलें आहे. २०२६ सालच्या शर्यतीकरितां चौतीस वर्षांपर्यंतच्या पुरुषास २ तास ५५ मिनिटें, साठीच्या पुरुषास ३ तास ५० मिनिटें, आणि ऐंशीच्या पुढें ४ तास ५० मिनिटें अशी मर्यादा होती. स्त्रियांस प्रत्येक वयास अर्धा तास अधिक. ज्या संस्थेनें एके काळीं स्त्रीचा अर्ज परत पाठविला, तिच्याच कोष्टकांत ऐंशी वर्षांच्या वृद्धेसाठीं एक रकाना राखलेला आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. एखाद्या वर्गांतील पांच हुशार मुलेंच परीक्षेस बसविलीं, तर गुणांची सरासरी ऐंशी येईल. पन्नासही बसविलीं तर ती पंचावन्नावर उतरेल. म्हणून वर्ग मठ्ठ झाला असें कोणी म्हणणार नाहीं. मॅरेथॉनचें नेमकें हेंच झालें. १९७० सालीं न्यूयॉर्कची पहिली शर्यत झाली, तेव्हां १२७ जण निघाले आणि ५५ जण शेवटास पोंचले. त्यांत स्त्री एकही नव्हती. २०१९ सालीं त्याच शहरांत ५३ हजारांहून अधिक लोकांनीं ती पुरी केली, आणि त्यांत स्त्रियांची संख्या वीस हजारांहून अधिक होती. पुण्यास १९८३ पासून आणि मुंबईस २००४ पासून ज्या शर्यती सुरू झाल्या, त्यांतही कारकून, डॉक्टर, गृहिणी आणि निवृत्तिवेतन घेणारे आजोबा तरण्या वीरांच्या मागून येऊं लागले. हे सर्व हळूहळू धांवतात आणि सरासरी वाढवितात. पूर्वीं ते घरीं बसत, म्हणून सरासरी चांगली दिसे.

म्हणून सरासरीचा आंकडा हातीं आला म्हणजे तींत कोणाची गणना झाली आणि कोणाची राहून गेली, हें पाहण्याची संवय लावून घ्यावी. शाळा, आरोग्य, उत्पन्न अशा प्रत्येक हिशेबास ती उपयोगी पडेल. साडेपांच तासांनीं येणारी स्त्री आतां पुष्कळ शहरांच्या मॅरेथॉनमध्यें दिसते. तिच्यासाठीं रस्ता मोकळा ठेवलेला असतो, ठिकठिकाणीं पाणी मिळतें, आणि शेवटची रेषा ओलांडतांच तिची वेळ नोंदली जाते. स्तामाता रेव्हिथी हिनें १८९६ सालीं मागितलें होतें तें एवढेंच.