पानाला मिळालेले राजपद

फुलासाठी झाड लावणे ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. केवळ पान पाहावयास मिळावे म्हणून घराच्या आत, खिडकीच्या आडोशाला कुंडी जपणे ही हौस मात्र त्या मानाने अलीकडची. रेक्स बेगोनिया हे या हौशीचे सर्वांत देखणे अपत्य होय. रुपेरी पट्टे, जांभळट कडा, खालून तांबूस छटा आणि देठाच्या एका अंगाला अधिक पसरलेला तिरका आकार यांमुळे हे पान एकदा पाहिले की विसरत नाही. कुंडी विकत घेताना तिचा दाखला कोणी मागत नाही. परंतु कोणतीही मिळकत समोर आली की आधी तिचा पूर्वेतिहास तपासावा, ही आम्हा वकिलांची सवयच आहे. या पानाचे जुने दस्तऐवज चाळले असता त्यांत कायद्याशी संबंध असलेले दोन अधिकारी भेटतात.

पहिला अधिकारी मिशेल बेगाँ. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८२ पासून १६८५ पर्यंत तो कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटांचा मुलकी कारभारी होता. त्याला वनस्पतींची आवड होती. शार्ल प्ल्युमिये या वनस्पतिशास्त्रज्ञ साधूची बेटांवरील संशोधनासाठी शिफारस त्यानेच केली, आणि प्ल्युमियेने त्या उपकाराची फेड म्हणून एका वनस्पतिकुलाला बेगाँचे नाव दिले. पुढे लिनियसने १७५३ साली तेच कायम केले. इथपर्यंत हकीकत मोठी गोड आहे. परंतु त्याच बेगाँने १६८३ साली गव्हर्नर ब्लेनाक याच्यासह बेटांवरील गुलामांसंबंधी एक अहवाल राजाकडे धाडला होता. १६८५ च्या ‘कोड न्वार’ या गुलामविषयक कायद्याचा मसुदा ज्या कागदांवरून झाला, त्यांत हा अहवाल होता. त्या कायद्याच्या ४४ व्या कलमाने जिवंत माणसे जंगम मालमत्ता ठरली. आपल्या दिवाणखान्यातील नाजूक पानाच्या नावाला ही सावली चिकटलेली आहे.

आता हे पान घरात कसे आले ते पाहू. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास असे आढळले की, झाकलेल्या काचपात्रात ओली माती ठेवली तर आतील रोपे पाणी न घालताही दीर्घकाळ तग धरतात. कारण पानांतून निघालेली वाफ काचेवर थिजून पुन्हा मातीत उतरते. १८३३ साली त्यांनी अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीस पाठविल्या आणि रोपे सुखरूप पोहोचली. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरील कर उठला आणि काच स्वस्त झाली. दूर देशीची दमट हवा सोसणारी झाडे थंड प्रदेशातील घरांत वाढू लागली ती या शोधामुळे आणि या करमाफीमुळे.

नंतरची घटना आपल्या देशातील. ब्रुसेल्सचे रोपव्यापारी झाँ लिंडेन यांच्याकडे आसामच्या अरण्यातून एक बेगोनिया पोहोचला. तो ऑर्किडांच्या सोबतीने, न बोलावता आला असे सांगतात. १८५७ साली ज्यूल प्युत्झेज यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास ‘रेक्स’, म्हणजे राजा, हे नाव दिले. हेच आपले दुसरे अधिकारी. पेशाने ते बेल्जियमच्या न्यायखात्यातील, आणि भुंग्यांचे जाणते अभ्यासक होते.

या नामकरणाचा काळ ध्यानी घेण्याजोगा आहे. आसामचा अखेरचा आहोम राजा पुरंदर सिंह याचे राज्य कंपनी सरकारने १८३८ साली काढून घेतले होते. आहोम गादी पुन्हा स्थापन व्हावी म्हणून खटपट करणारे मणिराम देवान यांना २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाट येथे फाशी दिले गेले. ज्या भूमीत राजा मागणे हा देहान्ताचा गुन्हा ठरला, तिच्याच एका पानाला त्याच सुमारास युरोपात राजपद मिळाले! प्युत्झेज यांच्या मनात कसलाही दुष्ट हेतू नव्हता. इतिहासाचा उपरोध मात्र हेतूची वाट पाहत नाही.

या राजाची प्रजा झपाट्याने वाढली, त्याचे कारण त्याच्या पानातच आहे. पान कापून, शिरांना छेद देऊन ओल्या वाळूवर दाबून ठेवले की छेदाजवळ नवी रोपे फुटतात. बी नको, ऋतू नको. इतर जातींशी संकर होऊन आज या गटाचे असंख्य वाण झाले आहेत. ज्या अरण्यातून मूळ रोप गेले, तेथील रहिवाशांची संमती घेण्याचा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनातही आला नाही. १९९२ चा जैवविविधता करार आणि त्यानुसार झालेला आपला २००२ चा कायदा यांनी तो प्रश्न प्रथमच न्यायाच्या भाषेत मांडला.

रोपाची निगादेखील त्याच्या मूळ घरावरूनच ठरते. हे झाड अरण्यातील मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारे. म्हणून कडक ऊन नको, पडद्यातून गाळून आलेला उजेड पुरे. आडवे सरपटणारे त्याचे खोड पसरट, उथळ कुंडीत सुखी राहते. वरची माती थोडी सुकली की पाणी द्यावे, पण पानांवर शिंपडू नये. त्याने पांढरी भुरी धरते. इंदूर-हैदराबादकडच्या कोरड्या उन्हाळ्यात खडे आणि पाणी घातलेल्या ताटात कुंडी ठेवावी, मात्र तिचा तळ पाण्यात बुडू देऊ नये. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील ओलावा फुकट मिळतो. तेथे भीती असते ती मुळे कुजण्याची.

बेगोनियाचे आप्त आपल्या दारीही आहेत. सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात लहानशा गुलाबी फुलांचे बेगोनिया उगवतात, आणि एका जातीच्या शास्त्रीय नावात तर कोकणच आहे. आपल्या गणेशपूजेत एकवीस पत्री वाहताना प्रत्येक पानासरशी देवाचे एक नाव उच्चारले जाते. तेथे पान शोधणाऱ्याचे नसते, कोण्या कारभाऱ्याचेही नसते. ते ज्याला अर्पण होते त्याचे असते. शास्त्रीय नाव असे सहजी बदलत नाही. तरी २०२४ साली माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने आफ्रिकी लोकांस हिणविणारा एक शब्द वनस्पतींच्या नावांतून दुरुस्त करण्याचे ठरविले, याचा अर्थ हा विषय मिटलेला नाही. बेगाँचे नाव बहुधा राहील. ते राहावे की जावे याचा निवाडा शास्त्रज्ञ करतील. कुंडीला पाणी घालणाऱ्याने मात्र आसामचे अरण्य, जोरहाटचा फास आणि त्या ४४ व्या कलमाखाली चिरडलेली माणसे यांची आठवण ठेवावी. त्याने पानाची शोभा उणी होत नाही. तिच्यामागचे देणे तेवढे आपल्या ध्यानी राहते.