दोन बंदरांची कथा : एडन आणि दुबई

इंग्रजांनीं १८३९ सालीं एडन घेतलें, तेव्हां तें एक उजाड खेडें होतें. पुढें जवळजवळ शंभर वर्षें त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. १८५० सालीं तेथील जकात उठविण्यांत आली आणि मोखा बंदरांतील कॉफीचा व्यापार तिकडे वळला. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनींही तेथें पेढ्या घातल्या.

दुबईचा उदयही असाच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं इराण सरकारनें समोरच्या किनाऱ्यावरील लेंगेह बंदरांत कडक जकात बसविली. दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनीं संधि साधली. त्यांनीं आपल्या बंदरांतील जकात माफ करून त्या व्यापाऱ्यांस बोलावून घेतलें. चार दिवसांसाठीं आलेले ते लोक कायमचे तेथलेच झाले.

१९६७ सालीं मात्र एडनचे ग्रह फिरले. जूनमध्यें सुवेझ कालवा बंद पडला, नोव्हेंबरांत इंग्रज निघून गेले, आणि १९६९ सालीं नव्या सरकारनें बँका व परदेशी पेढ्या ताब्यांत घेतल्या. कालवा १९७५ सालीं पुन्हां उघडला. गेलेला व्यापारी परतला नाहीं. कालव्यापेक्षां त्या कायद्यानेंच एडनचा घात अधिक केला, असें म्हणावें लागतें.

दुबईंत राज्यकर्ते बदलले, तरी व्यापाऱ्यास सांभाळण्याचें धोरण टिकलें. १९८५ सालीं जेबेल अली येथें मुक्त क्षेत्र निघालें व तेथें परक्यासही धंद्याची पूर्ण मालकी मिळूं लागली. पण ही मोकळीक कुंपणाच्या आंतली! बाहेर कंपनी काढणाऱ्यास सामान्यतः निम्म्याहून अधिक भाग स्थानिक नागरिकाच्या नांवें ठेवावा लागे. बहुतेक धंद्यांपुरती ती अट सुटावयास २०२१ साल उजाडलें.