लेनिनग्राडचा वेढा : भुकेशी ८७२ दिवसांची झुंज

आजच्या सेंट पीटर्सबर्गचे १९२४ ते १९९१ या काळातील नाव लेनिनग्राड. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी ८ सप्टेंबर १९४१ रोजी या शहराला वेढा घातला. तो पूर्णपणे उठला २७ जानेवारी १९४४ रोजी. या ८७२ दिवसांत तोफगोळे आणि बॉम्ब यांच्यापेक्षा कितीतरी अधिक बळी भुकेने घेतले.

भूक हेच शस्त्र

जर्मनीने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर आक्रमण केले. फील्ड मार्शल फॉन लीब यांच्या सैन्याने बाल्टिक प्रदेश झपाट्याने ओलांडून लेनिनग्राड गाठले. उत्तरेकडे फिनलंडचे सैन्य होते. ८ सप्टेंबरला लाडोगा सरोवराकाठचे श्लिसेलबर्ग पडले आणि खुष्कीचा अखेरचा मार्ग बंद झाला. त्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात बदायेव गोदामांतील पीठ व साखर जळून गेली. ही गोदामे जळाल्यामुळेच शहर उपाशी राहिले, असा समज पुढे रूढ झाला. वस्तुतः तेथील साठा काही दिवसांपुरताच होता. खरे संकट होते ते बाहेरून येणारी रसद तुटल्याचे. सुमारे २५ लाख नागरिक आत अडकले होते. त्यांत सुमारे ४ लाख मुले होती.

शहर लढून जिंकण्याऐवजी उपासमारीने संपवावे, असे हिटलरने ठरविले होते. शहराने शरणागती देऊ केली तरी ती स्वीकारू नये, असा त्याचा निर्णय ७ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन सेनामुख्यालयाने आघाडीवर कळविला. उपासमार हा वेढ्याचा केवळ परिणाम नव्हता. तो त्याचा हेतू होता.

१२५ ग्रॅम पाव

शिधापत्रिकेवरील पावाचे प्रमाण एकामागून एक घटत गेले. २० नोव्हेंबरपासून कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम, तर कचेरीतील नोकरदार, अवलंबित व मुले यांना केवळ १२५ ग्रॅम पाव मिळू लागला. त्यातही सरकीची पेंड आणि लाकडापासून काढलेला सेल्युलोज मिसळलेला असे. २५ डिसेंबरला हे प्रमाण थोडे वाढले, पण शरीरे खंगून गेली होती. लोक सुतारकामाचा सरस आणि कातडी पट्टे उकळून खात. वीज, नळ आणि घरे उबदार ठेवणारी यंत्रणा बंद पडली. गोठलेल्या नेवा नदीला भोके पाडून पाणी आणले जाई आणि मुलांच्या घसरगाड्यांवरून प्रेते वाहिली जात. १९४२ च्या आरंभी महिन्याला सुमारे एक लाख माणसे दगावत होती.

याच शहरातील वनस्पती संशोधन संस्थेत जगभरातून जमविलेले धान्य व बियाणे होते. तेथील अनेक शास्त्रज्ञ उपासमारीने गेले, पण त्यांनी त्या संग्रहाला हात लावला नाही. हा संग्रह उभारणारे निकोलाय वाविलोव्ह तेव्हा स्टालिनच्या कैदेत होते. जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

बर्फावरील जीवनमार्ग

लाडोगा सरोवर हाच आता एकमेव मार्ग उरला होता. पाणी गोठताच प्रथम घोड्यांच्या घसरगाड्या आणि २२ नोव्हेंबरपासून मालमोटारी बर्फावरून धावू लागल्या. बर्फ पातळ असल्याने सुरुवातीला अगदी कमी माल भरावा लागे. तरीही अनेक गाड्या तळाला गेल्या. पहिल्याच हिवाळ्यात या ‘जीवनमार्गा’ने पाच लाखांहून अधिक लोकांना बाहेर काढले. वसंतात उरलेल्या नागरिकांनी रस्ते स्वच्छ केले, १५ एप्रिलला प्रवासी ट्राम पुन्हा सुरू झाली आणि शहरातील चौकांत कोबीची लागवड झाली.

नभोवाणी हा शहराचा मोठा आधार होता. कार्यक्रम नसताना ध्वनिक्षेपकांवरून मेट्रोनोमची टिकटिक ऐकू येई. संथ लय म्हणजे शांतता, द्रुत लय म्हणजे हवाई हल्ला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी कार्ल एलियासबर्ग यांच्या संचालनाखाली नभोवाणीच्या वाद्यवृंदाने शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी सादर केली. वृंदातील अनेक वादक मरण पावल्याने आघाडीवरून वादक बोलवावे लागले होते.

१८ जानेवारी १९४३ रोजी सोव्हिएत सैन्याने वेढ्याला खिंडार पाडले. त्या चिंचोळ्या पट्ट्यातून घाईने लोहमार्ग टाकण्यात आला आणि ७ फेब्रुवारीला पहिली गाडी शहरात पोहोचली. मात्र तोफमारा आणखी वर्षभर चालूच राहिला.

मृतांचा हिशेब

न्यूरेंबर्ग खटल्यात सोव्हिएत पक्षाने मृत नागरिकांचा आकडा सुमारे ६ लाख ३२ हजार सांगितला. अनेक इतिहासकारांच्या मते तो ८ लाख किंवा त्याहूनही अधिक असावा. एकट्या पिस्कार्योव्ह दफनभूमीतील सामूहिक कबरींत नागरिक व सैनिक मिळून सुमारे पाच लाख लोक विसावले आहेत.

युद्धानंतर या आठवणींवरही बंधने आली. वेढ्याचे संग्रहालय १९४६ मध्ये उघडले. पण ‘लेनिनग्राड प्रकरणा’त स्टालिनने शहराच्या नेतृत्वावर कारवाई केली तेव्हा, १९४९ मध्ये, ते बंद झाले. वेढ्याच्या काळात शहराची धुरा वाहणाऱ्या कुझ्नेत्सोव्ह व पोप्कोव्ह यांना १९५० मध्ये देहदंड देण्यात आला. संग्रहालय पुन्हा उघडण्यास १९८९ साल उजाडावे लागले.